बाय-डोल कायदा: सरकारने राखून ठेवलेला आणि चार दशके न वापरलेला हक्क

मध्यमा (धागाकर्ती)

१२ डिसेंबर १९८० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पेटंटविषयक ज्या दुरुस्ती कायद्यावर सही केली, तो त्याच्या दोन प्रवर्तक सिनेटरांच्या नावाने ओळखला जातो. इंडियानाचे बर्च बाय डेमोक्रॅट, तर कॅन्ससचे बॉब डोल रिपब्लिकन होते. (बाय यांच्या आडनावाचे स्पेलिंग फसवे आहे, पण उच्चार ‘बाय’ असाच.) नोव्हेंबरच्या निवडणुकीत बाय पराभूत झाले होते आणि त्यांची मुदत संपण्याआधीच्या उरल्यासुरल्या अधिवेशनात हा कायदा संमत झाला. त्याचा गाभा असा की, संघराज्य सरकारच्या अनुदानातून एखादा शोध लागला, तर त्याचे पेटंट अनुदान घेणाऱ्या विद्यापीठाने, ना-नफा संस्थेने किंवा लहान उद्योगाने स्वतःकडे ठेवावे आणि तो शोध कोणाला, कोणत्या अटींवर वापरू द्यायचा, हेही त्यांनीच ठरवावे.

या कायद्यावरचा नेहमीचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. करदाता एकदा संशोधनासाठी पैसे देतो आणि त्याच संशोधनातून निघालेले औषध घेताना मक्तेदारीच्या दराने पुन्हा देतो. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो पुरेसा वाटत नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या मनात ही शंका आलीच नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग आणि अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जनतेच्या पैशाने लागलेले शोध कंत्राटदारांच्या हवाली करण्यास जाहीर विरोध केला होता. त्या विरोधाला उत्तर म्हणूनच जनतेच्या बाजूने काही तरतुदी मसुद्यात घातल्या गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, हा माझ्या धाग्याचा विषय आहे.

यशस्वी शोधातून सरकारला गुंतवणुकीचा काही भाग परत मिळावा, अशी तरतूद सिनेटच्या मूळ विधेयकात होती. ती अंतिम मसुद्यातून गळली. विद्यापीठाने मोठ्या कंपनीला अनन्य, म्हणजे फक्त तिलाच मिळणारा, परवाना दिलाच, तर तो पहिल्या विक्रीपासून पाच वर्षे किंवा परवान्यापासून आठ वर्षे यांपैकी आधी संपणाऱ्या मुदतीपुरताच असावा, अशी मर्यादा कायद्यात होती. ती १९८४ मध्ये काढून टाकण्यात आली. मोठ्या कंपन्यांना तर मुळात या कायद्यातून वगळले होते, परंतु फेब्रुवारी १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी एका आदेशपत्रान्वये तीच सवलत त्यांनाही देऊ केली. उरले दोन हक्क. पहिला म्हणजे अशा प्रत्येक शोधाचा सरकारला मिळणारा कायमचा, विनामोबदला परवाना. दुसरा म्हणजे कलम २०३ मधील ‘मार्च-इन’ हक्क, ज्यानुसार पेटंटधारक शोधाचा प्रत्यक्ष वापर करत नसेल किंवा लोकांच्या आरोग्याची गरज भागवत नसेल, तर सरकार मध्ये शिरून तिसऱ्या कोणाला परवाना देववू शकते.

हा दुसरा हक्क वापरावा म्हणून राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, १९९७ पासून अर्ज येत राहिले आणि एकामागून एक फेटाळले गेले. रिटोनाविर या एड्सवरील औषधाच्या संशोधनाला सरकारी अनुदान होते. ॲबट कंपनीने डिसेंबर २००३ मध्ये ‘नॉरविर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या औषधाची किंमत एका फटक्यात सुमारे ४०० टक्क्यांनी वाढवली. २००४ मध्ये अर्ज झाला आणि त्याच वर्षी नाकारला गेला. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड (‘एक्स्टँडी’) लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एनआयएच आणि लष्कर यांच्या पैशातून शोधले गेले. विद्यापीठ आणि इतर हक्कदारांनी २०१६ मध्ये आपला रॉयल्टीचा हक्क सुमारे १.१४ अब्ज डॉलरला विकला. तेच औषध अमेरिकी रुग्णाला इतर श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा कितीतरी पट महाग पडते, ही तक्रार २०१६ मध्ये फेटाळली गेली आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

म्हणून माझा मुद्दा असा की, पेटंट विद्यापीठाकडे गेले हा या कायद्याचा मुख्य दोष नव्हे. जनतेच्या वतीने राखलेला हक्क वापरण्याचा अधिकार ज्या खात्याकडे दिला आहे, त्याला तो वापरण्याची कसलीही गरज वाटत नाही, आणि तो न वापरल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, हा मला मुख्य दोष वाटतो.

नीरक्षीर

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु कायद्याआधीची स्थिती त्यात अजिबात आलेली नाही. १९८० पूर्वी सरकारच्या मालकीची सुमारे २८,००० पेटंटे होती आणि त्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी पेटंटांचे परवाने कोणी घेतले होते. सरकार सगळ्यांना सारखाच परवाना द्यायला तयार होते, पण जे सगळ्यांना मिळते त्यावर कोट्यवधी डॉलर घालून चाचण्या करण्याचा धोका कोण पत्करणार? प्रयोगशाळेतला रेणू आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांच्यामधले अंतर पार करण्याचा खर्च, अनुदानाच्या रकमेपेक्षा बहुधा फार मोठा असतो, आणि तो खाजगी भांडवलच करते.

दुसरे असे की, किंमत नियंत्रण हा मार्च-इन हक्काचा हेतू नव्हता, असे खुद्द बाय आणि डोल यांनी एप्रिल २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते. शिवाय किमतीची अट घालून पाहण्याचा प्रयोग झालेला आहे. एनआयएचने १९८९ मध्ये कंपन्यांबरोबरच्या संयुक्त संशोधन करारांत ‘वाजवी किंमत’ असे कलम घातले, कंपन्या करार करायला नाखूश झाल्या, आणि १९९५ मध्ये संचालक हॅरोल्ड व्हार्मस यांना ते कलम मागे घ्यावे लागले.

तळटीप

नीरक्षीर यांनी दिलेला २८,००० चा आकडा या विषयावरील जवळजवळ प्रत्येक लेखात येतो, आणि तो खोटाही नाही. पण तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून दिला जातो, तिचा तो पुरावा नाही. कायद्याच्या अभ्यासक रिबेका आयझेनबर्ग यांनी १९९६ मध्येच दाखवून दिले की, त्या साठ्यातली बहुतांश पेटंटे संरक्षण खात्याच्या कंत्राटांतून आलेली होती, आणि त्या खात्याच्या धोरणानुसार कंत्राटदाराला पेटंट स्वतःकडे ठेवण्याची मुभा आधीपासूनच होती. म्हणजे ज्या शोधांत बाजाराच्या दृष्टीने काही जीव नाही, असे खुद्द कंत्राटदारालाच वाटले, ते शोध सरकारकडे येऊन पडले होते. गिऱ्हाइकाने पाहून परत ठेवलेल्या मालाला उठाव नाही, यावरून दुकानदाराचा हलगर्जीपणा कसा सिद्ध होणार?

यशाचे श्रेय देतानाही असेच होते. जनुकीय अभियांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कोहेन-बॉयर पेटंटाचा उल्लेख बाय-डोलचे यश म्हणून होतो, परंतु त्याचा अर्ज १९७४ चा आहे आणि पहिले पेटंट २ डिसेंबर १९८० ला, म्हणजे कार्टर यांची सही होण्याच्या दहा दिवस आधी मिळाले. स्टॅनफर्डला ते आरोग्य खात्याबरोबरच्या जुन्या करारव्यवस्थेतून ठेवता आले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तो परवाना अनन्य नव्हता. चारशेहून अधिक कंपन्यांनी तो माफक शुल्क भरून घेतला आणि १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत त्यातून सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. अनन्य परवाना नसेल तर कोणी गुंतवणूक करणार नाही, या सिद्धांताला याहून मोठा अपवाद शोधून सापडणार नाही.

१९८० च्याच जूनमध्ये चक्रवर्ती खटल्यात सजीवावरील पेटंट सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले, आणि १९८२ मध्ये पेटंटधारकांना अनुकूल ठरलेले स्वतंत्र अपील न्यायालय सुरू झाले. विद्यापीठांची पेटंटे तर सत्तरच्या दशकापासूनच वाढत होती. एवढ्या गोष्टी एकाच वेळी घडत असताना सगळे श्रेय एका कायद्याला देणे धाडसाचे आहे. (अर्थात सगळा दोष देणेही तितकेच धाडसाचे, हे मध्यमा यांच्यासाठी.)

खडीसाखर

मी कायद्याचा विद्यार्थी नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. किंमत हा मुद्दा कायद्यात आहे की नाही, हे कायद्याचे शब्द वाचून ठरवता येत नाही का? प्रवर्तकांनी बावीस वर्षांनी लिहिलेल्या पत्राला इतके वजन का द्यायचे? आणि टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचे काय, ज्यावर सरकारने अमाप खर्च केला आणि नफा मात्र ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने कमावला?

मध्यमा

खडीसाखर, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. सगळा वाद तिथेच आहे. शोधाचा ‘व्यावहारिक उपयोग’ होत नसेल तर सरकारला हस्तक्षेप करता येतो, आणि व्यावहारिक उपयोगाची व्याख्या कलम २०१ मध्ये अशी आहे की, शोधाचे लाभ ‘वाजवी अटींवर’ जनतेला उपलब्ध असले पाहिजेत. विकत घ्यायच्या वस्तूच्या बाबतीत किंमत ही अट नव्हे, असे म्हणणे मला तरी जमत नाही. पीटर आर्नो आणि मायकेल डेव्हिस यांनी २००१ मध्ये हाच अर्थ सविस्तर मांडला होता, आणि नीरक्षीर म्हणतात ते पत्र त्या दोघांच्या वृत्तपत्रीय लेखाला दिलेले उत्तर होते. कायद्याचा अर्थ त्याच्या शब्दांतून काढायचा असतो. निवृत्त लोकप्रतिनिधींचे स्मरण हे साधन म्हणून दुबळे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बायडन सरकारने मार्च-इनचा विचार करताना किंमतही पाहता येईल, असे सांगणारा मार्गदर्शक मसुदा काढला होता. म्हणजे शब्दांना तो अर्थ झेपतो, हे सरकारलाही एकदा वाटले होते.

टॅक्सॉलविषयी मात्र एक दुरुस्ती करायला हवी, कारण टीकाकारांच्या लेखनात ही चूक वारंवार होते. एनआयएचचा टॅक्सॉलसंबंधी संशोधनावर २००२ पर्यंत ४८.४ कोटी डॉलर खर्च झाला, कंपनीची विक्री १९९३ ते २००२ या काळात सुमारे ९ अब्ज डॉलरची झाली, आणि एनआयएचला रॉयल्टी म्हणून ३.५ कोटी डॉलर मिळाले, हे सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये नोंदवले. पण कंपनीला सरकारी माहितीचा ताबा मिळाला तो सरकारी प्रयोगशाळांच्या संयुक्त संशोधन करारातून, आणि तो करार वेगळ्या कायद्याखाली येतो. बाय-डोलचा संबंध येतो तो अनुदान घेणाऱ्या संस्थेशी. टीका धारदार हवी असेल तर ती योग्य कायद्यावर व्हायला हवी.

आता नीरक्षीर यांच्या मुख्य मुद्द्याकडे. किंमत क्षणभर बाजूला ठेवू. २००९ मध्ये फॅब्री या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचे ‘फॅब्राझाइम’ बनवणाऱ्या जेन्झाइमच्या कारखान्यात विषाणूचा संसर्ग झाला, उत्पादन घटले आणि अमेरिकी रुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा कमी औषध मिळू लागले. औषधाचे पेटंट न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेचे आणि संशोधन सरकारी अनुदानाचे होते. रुग्णांनी २०१० मध्ये मार्च-इनची मागणी केली. येथे किमतीचा प्रश्नच नव्हता; ‘आरोग्याची गरज भागत नाही’ या शब्दांत नेमके बसणारे हे उदाहरण होते. तरीही अर्ज फेटाळला गेला, आणि कारण असे दिले की दुसऱ्या उत्पादकाला मान्यता मिळायला वर्षे लागतील, त्यामुळे आत्ताचा तुटवडा हस्तक्षेपाने भरून निघणार नाही. हे कारण खोटे नाही. पण ते प्रत्येक औषधाला लागू पडते, आणि म्हणून ते मान्य केले तर औषधाच्या बाबतीत कलम २०३ वापरण्याचा प्रसंग कधी येऊच शकत नाही.

काठावरचा

चर्चा औषधांच्या किमतीभोवती फिरते आहे, म्हणून प्रयोगशाळेच्या आतली बाजू मांडतो. मी अमेरिकेतील एका विद्यापीठात काही वर्षे जीवशास्त्रीय संशोधन केले. दुसऱ्या एका विद्यापीठातून उंदरांची एक विशिष्ट जात मागवायची होती. दोन्हीकडचे संशोधक ओळखीचे, दोन्हीकडे पैसा एनआयएचचा, आणि तरी पेटंटे व परवाने सांभाळणाऱ्या दोन्हीकडच्या तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालयांमध्ये कराराच्या मसुद्याची देवाणघेवाण सात महिने चालली. अडले कशावर, तर त्या उंदरांवर काम करताना आम्हाला पुढे काही शोध लागलाच, तर त्यात त्यांचा वाटा किती, यावर. तोवर आमच्या अनुदानाचे ते वर्ष सरले.

एकाच कामाच्या वाटेत इतके मालक उभे राहतात की कोणालाच पुढे जाता येत नाही, ही भीती मायकेल हेलर आणि रिबेका आयझेनबर्ग यांनी १९९८ मध्ये मांडली. पुढच्या सर्वेक्षणांत असे आढळले की, पेटंटामुळे प्रयोग सोडून दिल्याची उदाहरणे थोडी आहेत, कारण बहुतेक संशोधक पेटंटांकडे सरळ दुर्लक्ष करतात. खरी अडचण साहित्य मिळवण्याची असते. माझा अनुभवही हेच सांगतो. पण दुर्लक्षावर चालणारी ही व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने पायाखाली काही नसलेली आहे. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या मेडी खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की, संशोधन करणे हाच विद्यापीठाचा व्यवसाय असल्याने ‘केवळ प्रयोगासाठी वापर’ ही सवलत त्याला मिळत नाही. हा निकाल ऐकून विद्यापीठांना धक्का बसला खरा, परंतु वीस वर्षे स्वतः पेटंटांचा व्यापार केल्यावर आपण निव्वळ ज्ञानोपासक आहोत, हे न्यायालयाला पटवणे अवघड जाणारच होते.

दूरस्थ

या कायद्याची भारतीय आवृत्ती येता येता राहिली, याची येथे नोंद असावी. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेच्या संरक्षणाचे आणि वापराचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, आणि अखेर २०१४ मध्ये मागे घेतले गेले. उत्पन्नातला किमान ३० टक्के वाटा संशोधकाला मिळावा, असे त्यात होते. मात्र सरकारने मध्ये शिरण्याचा हक्क मूळ मसुद्यात पुरेसा नव्हता, अशी टीका तेव्हा झाली.

गंमत अशी की, मध्यमा ज्या शब्दावर अडल्या आहेत तो शब्द आपल्या पेटंट कायद्यात स्पष्ट आहे. कलम ८४ म्हणते की, पेटंट मिळालेली वस्तू जनतेला ‘परवडणाऱ्या वाजवी किमतीत’ मिळत नसेल, तर सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला दिला जाणारा, परवाना देता येतो. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला तो दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ९,००० रुपयांच्या आत आला. वर आलेल्या एन्झालुटामाइडचा पेटंट-अर्ज तर भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये नाकारला, आणि त्या निर्णयाविरुद्ध कॅलिफोर्नियाचे ते सार्वजनिक विद्यापीठ दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

नीरक्षीर

तळटीप यांचा २८,००० विषयीचा खुलासा मला मान्य आहे आणि यापुढे तो आकडा मी त्या अर्थाने वापरणार नाही. पण मार्च-इन हे हत्यार औषधांसाठी योग्य आहे, हे मला अजूनही पटलेले नाही. एकेका औषधावर बहुधा अनेक पेटंटे असतात आणि त्यांतली काहीच सरकारी पैशातली असतात. एक दार उघडले तरी बाकीची बंदच राहतात. सरकारला खरोखर इच्छाशक्ती असेल, तर कोणतेही पेटंट स्वतःच्या कामासाठी वापरून नंतर भरपाई देण्याचा अधिकार दुसऱ्या एका जुन्या कायद्याने त्याला आहेच. २००१ मध्ये अँथ्रॅक्सच्या धास्तीत आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी सिप्रो या औषधाचे पेटंट ओलांडण्याची नुसती भाषा केली, आणि बायर कंपनीने किंमत उतरवली.

त्याहून परिणामकारक वेळ म्हणजे परवाना देण्याची वेळ. एड्सवरील स्टॅव्ह्युडिन या औषधाचे पेटंट येल विद्यापीठाचे होते आणि अनन्य परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे. २००१ च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि येलच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठावर दबाव आणला, संशोधक विल्यम प्रुसॉफ यांनी पाठिंबा दिला, आणि त्याच मार्चमध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट न बजावण्याचे जाहीर केले. येथे सरकारी हस्तक्षेपाची गरज लागली नाही.

तळटीप

येलचे उदाहरण चांगले आहे, परंतु तेथे परवाना कोणाकडे आणि कशासाठी आहे, हे लोकांना ठाऊक होते. एरवी ते ठाऊक होण्याची सोय काय आहे? सरकारी मालकीच्या शोधाचा अनन्य परवाना द्यायचा असेल, तर आधी जाहीर सूचना काढून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. विद्यापीठाकडच्या शोधाला ते बंधन नाही. शोधाच्या वापराविषयी विद्यापीठ सरकारला जे अहवाल देते, तेही कलम २०२ नुसार व्यापारी माहिती म्हणून गोपनीय राहतात. माहितीच्या अधिकारात मागितले तरी मिळत नाहीत. पेटंटावर सरकारी अनुदानाचा उल्लेख करणे सक्तीचे असूनही तो अनेकदा केलेला नसतो. कॅम्पबेल प्लास्टिक्स या छोट्या कंपनीने लष्करासाठीच्या मुखवट्याचा शोध ठरलेल्या रीतीने कळवला नाही, म्हणून तिचे पेटंट सरकारने घेतले आणि २००४ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. म्हणजे कायद्याला दात आहेत. ते एका लहान कंत्राटदाराला लागले, एवढेच.

मध्यमा

अनेक पेटंटांचा नीरक्षीर यांचा मुद्दा खरा आहे, पण एक्स्टँडीच्या बाबतीत तो लागू होत नाही, कारण तेथील मुख्य पेटंटे सरकारी अनुदानातलीच होती. म्हणून त्या अर्जाला २०२३ मध्ये मिळालेले उत्तर पुन्हा वाचावेसे वाटते. एनआयएचने म्हटले की, औषध बाजारात सर्वत्र मिळते आहे, आणि मार्च-इनच्या प्रक्रियेला लागणारा वेळ व पेटंटाची उरलेली मुदत पाहता किंमत कमी करण्याचा हा परिणामकारक मार्ग नाही.

हा वेळ कोठून येतो, तेही कलम २०३ मध्येच आहे. ‘व्यावहारिक उपयोग नाही’ या कारणाने सरकारने हस्तक्षेपाचा निर्णय घेतला, तर पेटंटधारकाची सर्व अपिले संपेपर्यंत तो निर्णय आपोआप स्थगित राहतो. आरोग्याच्या गरजेच्या कारणाला ही स्थगिती नाही, आणि मला वाटते मसुदा करणाऱ्यांनी तो फरक विचारपूर्वक केला होता. एक्स्टँडीचा पहिला अर्ज २०१६ चा होता. त्याच वर्षी कार्यवाही सुरू झाली असती, तर अपिलांना सात वर्षे मिळाली असती.

नीरक्षीर

स्थगितीतला हा फरक माझ्या वाचनातून निसटला होता. तरीही ती सरसकट काढून टाकायची, तर उद्या राजकीय रागापोटी एखाद्या विद्यापीठाचे पेटंट काढून घेणाऱ्या सरकारला अडवणार कोण, याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

मध्यमा

सरसकट काढा असे मी म्हणत नाही. अपिलाच्या काळात तिसऱ्या उत्पादकाला मान्यतेसाठी अर्ज करू द्यावा आणि विक्रीची परवानगी मात्र निकालानंतर मिळावी, इतकी दुरुस्ती झाली, तरी फॅब्राझाइमच्या वेळी दिलेले कारण आणि एक्स्टँडीच्या वेळी दिलेले कारण, ही दोन्ही एकदमच निकालात निघतात.